डिसेंबरचं पोर आणि बारा वर्षांखालचा ड्रॉ

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. मुलगा अकरा वर्षांचा आहे, सातव्या वर्षापासून टेनिस खेळतो. जन्म २७ डिसेंबरचा. डॉक्टरांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली होती, हा आधीच आला. तेव्हा पेढे वाटले. आता दर स्पर्धेला ती तारीख डोळ्यांत खुपते. समोर येणारी मुलं याच्यापेक्षा वीतभर उंच असतात. पुण्याला स्पर्धा असली की पहाटे अडीचला घर सोडायचं, साडेआठला मॅच, आणि साडेनऊला आम्ही परतीच्या रस्त्याला. स्कोअर ६-१, ६-० असलाच काहीतरी. शाळेत मी त्याला एक वर्ष उशिरा घातलं होतं, त्यामुळे वर्गात तो वयाने मोठ्यांपैकी. तरी प्रार्थनेच्या रांगेत मध्येच कुठेतरी उभा असतो. मी पाच फूट सहा इंच, सौ. पाच फूट दोन. मीही दहावीपर्यंत बुटकाच होतो. सर म्हणतात, थांबा, उंची वाढू दे. आमची आई म्हणते, बॅडमिंटनला घाला. एक ओळखीचे तर म्हणाले, तारखेचं काही बघायचं का? मी वाचलंय की जानेवारी ते मार्चमधली मुलंच टेनिसमध्ये पुढे जातात. हे खरं असेल तर एवढा पैसा आणि पोराचं बालपण कशाला घालवायचं? स्पष्ट सांगा.
— एक बाबा, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार.

स्पष्ट सांगा म्हणालात, म्हणून आधी कडू तेवढं देते. तुम्ही वाचलंत त्या थापा नाहीत. वयोगटाच्या टेनिसमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं संख्येने जास्त असतात, आणि वरच्या मानांकनांत ती गर्दी आणखी वाढते. पण ‘तीच पुढे जातात’ हा जो अर्थ तुम्ही त्यातून काढलात, तो बरोबर नाही. (रास-नक्षत्राचा इथे काडीचा संबंध नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. या विषयावर मागे दोन ओळी लिहिल्या होत्या तर लोकांनी मला मुलांच्या पत्रिका पाठवल्या.)

ज्युनियर टेनिसचं वर्ष १ जानेवारीला बदलतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनियर स्पर्धा असोत की आपल्या अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या बारा, चौदा, सोळा, अठरा वर्षांखालच्या, मूल कुठल्या गटात हे जन्मवर्षावरून ठरतं. म्हणजे ३ जानेवारीचा मुलगा आणि त्याच वर्षातल्या २७ डिसेंबरचा मुलगा कागदावर एकाच वयाचे. प्रत्यक्षात पहिला जवळजवळ वर्षभर जास्त जेवलाय, जास्त धावलाय. तिशीतल्या माणसाला वर्षाने काय फरक पडतो? अकरा वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा मात्र तो अकरावा हिस्सा आहे. या वयात मुलगे वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, आणि उंचीबरोबर हाताची लांबी, खांद्यातली ताकद, धावताना अचानक थांबून परत फिरायची क्षमता हेही वाढतं. तुम्ही म्हणता ती वीत एका वर्षाची मात्र नाही. तिच्याकडे नंतर येते.

ही गोष्ट आधी उजेडात आली ती आइस हॉकीत. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली बायकोसोबत लेथब्रिज गावातली ज्युनियर मॅच बघायला गेले होते. पॉलाबाई बसल्या बसल्या सामन्याची पुस्तिका चाळत होत्या. तीत खेळाडूंच्या जन्मतारखा छापल्या होत्या, आणि त्यांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचीच रांग लागली होती. बार्न्सलींचा त्यावरचा शोधनिबंध १९८५ साली आला. टेनिसकडे लक्ष वळलं ते १९९४ साली, ‘नेचर’मधल्या आड ड्युडिंक यांच्या छोट्याशा टिपणाने. नेदरलँड्समधल्या १२ ते १६ वयाच्या चांगल्या खेळाडूंपैकी निम्मे वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले निघाले. महिन्याचा संबंध नसता तर पावच निघायला हवे होते. त्याच टिपणात इंग्लंडमधले फुटबॉलपटूही होते, आणि त्यांची गर्दी जानेवारीत नव्हती, सप्टेंबरपासून पुढे होती. कारण तिथे गट मोजायची सुरुवातच सप्टेंबरपासून व्हायची. म्हणजे कात्री जिथे लावाल तिथून पुढची मुलं फायद्यात. जानेवारीच्या थंडीत काही जादू नाही. अमेरिकेतल्या देशांतर्गत ज्युनियर स्पर्धांत मुलाचा गट त्याच्या वाढदिवसाच्या महिन्यावर बदलतो, त्यामुळे तिथे कुणीही कायमचा शेपटाला राहत नाही. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि तुमचा मुलगा अठराचा होईपर्यंत ती होईल या भरवशावर बसू नका.

आता यातला खरा घोळ. उंचीचा फायदा एका मॅचपुरता राहिला असता तर मी तुम्हाला दोन ओळींत निरोप दिला असता. तो साठत जातो. आठव्या वर्षी जानेवारीचा मुलगा चेंडू जरा जोरात मारतो. सरांना वाटतं, याच्यात काहीतरी आहे. त्याला मोठ्यांच्या बॅचमध्ये टाकतात, चांगला स्पॅरिंग पार्टनर मिळतो. स्पर्धेत दोन मॅच जिंकतो, पॉइंट मिळतात, पुढच्या वेळी क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेरी, न खेळता थेट मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य लढतींच्या यादीत. मग सीड, म्हणजे वरच्या खेळाडूंना स्पर्धेआधी मिळतो तो क्रमांक. सीड मिळालं की पहिल्या फेऱ्यांत दुसरा तगडा खेळाडू समोर येतच नाही, म्हणजे एका स्पर्धेत तीन-चार मॅच हमखास. पंगतीत पहिल्या रांगेत बसलेल्याला जिलबी दोनदा मिळते आणि शेवटच्या रांगेपर्यंत येईतो परात रिकामी होते, तसं हे चालतं. तुमच्या मुलाला पहिल्याच फेरीत कुणीतरी सीड भेटतो, पाऊण तासात खेळ खलास. असं वर्षभर चाललं की त्या मुलाच्या खात्यात पन्नासेक मॅच जमा होतात, तुमच्याच्या खात्यात दहा-बारा. एव्हाना तो मुलगा खरोखरच चांगला खेळायला लागलेला असतो. सुरुवातीला तो नुसता मोठा होता.

म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य २७ डिसेंबरचं नाही, साडेनऊच्या परतीच्या रस्त्याचं आहे.

त्यातून वाट कशी काढायची ते सांगते, पण आधी तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. शाळेत एक वर्ष उशिरा घातलं म्हणजे वर्गातली बहुतेक मुलं त्याच्यापेक्षा लहान आहेत. तिथे तर त्याचा डिसेंबर नाही, उलट तोच तिथला जानेवारी आहे! तरीही तो रांगेत मध्ये उभा राहतो. म्हणजे उंचीचं सगळं खापर जन्माच्या महिन्यावर फोडता येत नाही. त्याची वाढच जरा सावकाश चालली आहे. जन्मतारीख ही एक गोष्ट आणि शरीराने वयात येण्याचा वेग ही दुसरी. दोन्ही मिळून त्याच्या वाट्याला आल्यात. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असू शकतं, आणि त्यात आजारपण काही नसतं. तुमची ती वीत या दोन्हींच्या बेरजेची आहे. तुम्ही स्वतः दहावीपर्यंत बुटके होतात, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला ती पत्रातली सर्वांत कामाची ओळ वाटली. उशिरा वाढण्याची ही तऱ्हा बऱ्याचदा घराण्यात चालत येते. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांकडून वाढीचा तक्ता तपासून घ्या, म्हणजे मनातली शंका जाईल.

घरी करायचा हिशेबही आहे. मुलग्यासाठी आई-वडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करायची, तीत १३ मिळवायचे आणि दोनने भागायचं. तुमचे १६८, सौभाग्यवतींचे १५७, अधिक १३. भागिले दोन, म्हणजे १६९. साधारण साडेपाच फुटांच्या किंचित वर. यात आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणजे सर म्हणतात ती उंची वाढेल, पण तो सहा फुटी सर्व्हिस मारणारा होईल या आशेवर थांबू नका. सहा फुटांवाचून भागतं हे अर्जेंटिनाच्या दिएगो श्वार्ट्झमनने दाखवलंय. १७० सेंटिमीटर उंचीवर तो २०२० साली जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला, त्याच वर्षी रोममध्ये नदालला हरवलं आणि फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी खेळला. पण तो समोरच्याची सर्व्हिस परतवण्यावर आणि पायांवर जगला. तुमच्या मुलाचा खेळ आजपासून तसा घडवायला हवा, ‘उंची आल्यावर बघू’ म्हणून टांगून ठेवता येणार नाही. इथे सरांशी माझं जमत नाही.

कोर्टवर नेमकं काय होतं ते पुढच्या मॅचला नीट बघा. मोठा मुलगा फार काही कलाकारी करत नाही. तो उंच, फिरकी दिलेला चेंडू सारखा बॅकहँडकडे टाकत राहतो. पिवळा चेंडू टप्पा घेऊन तुमच्या मुलाच्या खांद्याच्या वर, कधी कानापाशी येतो. तिथून दोन हातांचा बॅकहँड मारायला त्याच्याकडे ताकदही नाही आणि जागाही नाही, मग तो एकेक पाऊल मागे सरकतो. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला त्याची पाठ मागच्या जाळीला लागलेली असते, आणि समोरचा हळूच ड्रॉप, म्हणजे नेटलगत पडणारा हलका चेंडू, टाकतो. पालकांच्या बाकावरून आवाज येतो, ‘धाव ना!’ धावून काय होणार? त्याला शिकवायचं ते मागे न सरकणं. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, आत पाय ठेवून चेंडू वर चढत असतानाच, कमरेच्या उंचीला घ्यायचा. सुरुवातीला दहातले सात चुकतील, स्कोअर आणखी वाईट दिसेल. दिसू दे. पण ज्याला हे अकराव्या वर्षी नाइलाजाने शिकावं लागतं, त्याच्याकडे पंधराव्या वर्षी ते आयतं असतं, आणि ताकदीवर जिंकत आलेल्या मुलाकडे बऱ्याचदा नसतं.

सरावाला आठवड्यातून एखादा दिवस हिरवा चेंडू वापरायला सांगा. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा चेंडू चालत नाही, हा महासंघाचा नियम २०१२ सालापासून आहे. लाल, नारिंगी, हिरवा असे सावकाश चालणारे चेंडू त्यासाठीच आहेत. अकराव्या वर्षी हिरवा चेंडू म्हणजे कमीपणा, असं पालकांना वाटतं; मुलांना काही वाटत नाही. टप्पा कमी उसळतो, त्यामुळे फटक्याची घडण नीट बसते. आणि रॅकेट? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मोठ्या मुलांचं बघून त्याच्या हातात २७ इंची, मोठ्यांची जड रॅकेट दिली असेल तर परत २६ वर आणा. मनगट आणि कोपर दोन्ही वाचतील.

आता स्पर्धांचं गणित. ते तुमच्या हातात आहे आणि तिथेच तुमचा पैसा आणि झोप वाया चाललीय. बरेच टेनिस कोच एक ढोबळ आडाखा मानतात, की मुलाने साधारण दोन मॅच जिंकाव्यात तेव्हा एक हरावी. सगळ्याच जिंकत असेल तर त्याला वरचं पाणी दाखवायला हवं, सगळ्याच हरत असेल तर त्याला खेळायला मिळतच नाहीये. तुमचा मुलगा दुसऱ्या टोकाला आहे. पुण्याच्या फेऱ्या निम्म्यावर आणा. जिथे पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी वेगळा ड्रॉ किंवा गटवार साखळी सामने असतात, अशाच स्पर्धांत फॅक्टशीट (स्पर्धेचं माहितीपत्रक) बघून एंट्री करा. दुहेरीत नाव घाला. दुहेरीत बुटकं पोरही नेटजवळ डोकं चालवून पॉइंट काढतं, आणि त्याच प्रवासखर्चात आणखी एक मॅच मिळते. बाकीचे रविवार कोल्हापुरात, सांगलीत, जमल्यास इचलकरंजीत, दोन-तीन अकादमींच्या सरांनी मिळून मॅच लावाव्यात. वय न बघता, खेळाची पातळी बघून. दहा वर्षांची चांगली मुलगी असेल तर तिच्याशी खेळू दे, चाळिशीतले क्लबचे काका असतील तर त्यांच्याशी. काकांचा स्लाइस (चेंडूला कापत मारलेला, कमी उसळणारा फटका) परतवता आला ना, की निम्मं टेनिस आलं! जगभर आता पातळीवर चालणारी रेटिंग आहेत. यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) आहे, महासंघाचा वर्ल्ड टेनिस नंबर आहे. दोन्हींत वय मोजतच नाहीत, कुणाशी काय स्कोअर झाला तेवढं बघतात. मुलाची प्रगती मोजायला वयोगटाच्या रँकिंगपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक माप आहे.

पुढच्या वर्षाबद्दल आत्ताच मन तयार ठेवा, कारण जानेवारीत तो चौदा वर्षांखालच्या गटात जाईल. गट दोन-दोन वर्षांचे आहेत. तेव्हा हा नुकताच बारा पूर्ण केलेला असेल आणि समोर नुकताच चौदा झालेला मुलगा उभा राहू शकतो. जवळजवळ दोन वर्षांचं अंतर, आणि तेही नेमकं त्या वयात जेव्हा मुलगे झपाट्याने वाढतात. मुलग्यांच्या वाढीचा तो झपाटा सरासरी चौदाच्या आसपास येतो, मुलींचा बाराच्या आसपास. त्यामुळे मुलांच्या चौदा वर्षांखालच्या ड्रॉमध्ये एका कोर्टवर मिसरूड फुटलेला बाप्या आणि त्याच्यासमोर दुधाचे दात नुकते पडलेलं पोर, असं चित्र सर्रास दिसतं. ते पहिलं वर्ष कसं गेलं यावरून कुठलाही निर्णय घेऊ नका. त्यानंतरच्या वर्षी तो त्याच गटातल्या वरच्या वर्गात असेल, आणि त्याच्यानंतरच्या जन्मवर्षाची सगळी पोरं त्याच्यापेक्षा लहान असतील. डिसेंबरच्या मुलाला दर दोन वर्षांनी एकदा असा जरा मोकळा श्वास मिळतो. स्पर्धांवर पैसा खर्च करायचा तर त्या वर्षात करा. पहिलं वर्ष सरावाचं, दुसरं स्पर्धांचं.

तुम्ही विचाराल, एवढं करून पुढे काय? मोठमोठ्या नावांचे दाखले द्यायला मला आवडत नाही, कारण पाच नावांनी काही सिद्ध होत नाही. तरी तुम्ही ‘जानेवारी ते मार्चच’ म्हणालात म्हणून सांगते. फेडरर ऑगस्टचा, नदाल जूनचा, जोकोविच मेचा, अल्काराझ मेचा, सिनर ऑगस्टचा. बोरिस बेकर २२ नोव्हेंबरचा. १९८५ साली सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकला. मोनिका सेलेस २ डिसेंबरची. १९९० साली सोळाव्या वर्षी फ्रेंच ओपन. आपला विजय अमृतराज १४ डिसेंबरचा. सानिया मिर्झा १५ नोव्हेंबरची. २००३ साली विम्बल्डनचं मुलींचं दुहेरी जिंकली आणि २०१५ साली दुहेरीत जगात पहिली झाली. पण लगेच हुरळून जाऊ नका. बेकर वयाच्या मानाने दांडगा होता, त्याला वर्षाअखेरचा जन्म काय अडवणार. आणि २००० च्या दशकात ग्रँड स्लॅम खेळणाऱ्यांच्या जन्मतारखा तपासल्या गेल्या, तेव्हा मोठ्यांतही पहिल्या सहामाहीतले जास्त निघाले होते. उघड आहे, बाराव्या-तेराव्या वर्षी कंटाळून खेळ सोडलेली पोरं पंचविशीत परत येत नाहीत. वर्षाअखेरच्या मुलांचं खरं नुकसान तिथे होतं, आणि ते करण्याच्या तुम्ही आत्ता अगदी जवळ आला आहात.

एक गमतीची गोष्ट. जर्मन संशोधकांनी २०१० साली पुरुष टेनिसपटूंबद्दल लिहिलं, की उजव्या हाताने खेळणाऱ्यांत हा महिन्याचा कल दिसतो, डावखुऱ्यांत दिसत नाही. डावखुऱ्याचा चेंडू उलट्या बाजूने वळतो, समोरच्याला सवय नसते, आणि ताकदीची तूट थोडी भरून निघते. म्हणून उद्या त्याच्या डाव्या हातात रॅकेट देऊ नका! मुद्दा इतकाच की समोरच्याला अनोळखी वाटेल असं काहीतरी हत्यार हवं. स्लाइस सर्व्हिस असेल, लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू) असेल, नेटवर धावून जाणं असेल. सरांशी बसून एक ठरवा आणि वर्षभर त्यावर मेहनत घ्या.

आईंना सांगा की बॅडमिंटन छानच आहे, पण जन्मतारखेपासून पळायला ते कामाचं नाही. तिथेही तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालचे गट जन्मवर्षावरच ठरतात. हा तिथेही डिसेंबरचाच राहणार. त्याला शटलच आवडत असेल तर खुशाल घाला.

त्या ‘ओळखीच्यां’बद्दल. आपल्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख लिहून मोकळे व्हायचे. तेव्हा त्याने कुणाचं बिघडत नव्हतं. आज जन्मदाखला, आधार, पासपोर्ट, शाळेचा दाखला या सगळ्यांत एक तारीख जुळावी लागते. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाडांचे एक्स-रे काढून वय तपासतं. पकडलं गेलं तर मुलावर बंदी येते, बापावर नाही. आणि नाही पकडलं तरी त्या पोराला रोज मॅचआधी खोटी तारीख पाठ असावी लागते. त्या गृहस्थांचा फोन उचलू नका.

मुलाशी काय बोलायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तिथेच जास्त काळजी वाटते. ‘तू डिसेंबरचा ना, म्हणून हरतोस,’ हे घरात त्याच्या कानावर पडतंय असं पत्रावरून दिसतं. ते आजपासून बंद करा. अकरा वर्षांच्या मुलाला त्यातून दोनच गोष्टी कळतात. एक, मी कितीही केलं तरी उपयोग नाही. दोन, हरलो तर माझं काही चुकलंच नाही. दुसरी जास्त घातक, कारण त्याच्या सगळ्या हारी उंचीमुळे नसणार. दुसऱ्या सर्व्हिसवर किती डबल फॉल्ट झाले, ३०-३० ला तो घाईने मारतो का, पहिला सेट गेला की खांदे पाडतो का, हे महिन्याच्या माथी मारता येत नाही. पुढच्या मॅचला वही घेऊन बसा आणि फक्त दोन आकडे लिहा. किती पॉइंट पाच फटक्यांच्या पुढे गेले, आणि त्यांतले त्याने किती जिंकले. स्कोअर ६-१ असेल तरी हा दुसरा आकडा वाढताना दिसला तर पोरगं बरोबर चाललंय. परतीच्या गाडीत त्याच्याशी तेवढंच बोला, नाहीतर गाणी लावा.

त्याला वर्षाचं गणित समजावायचंच असेल तर एकदाच, सरळ शब्दांत सांगा: समोरची मुलं तुझ्यापेक्षा वर्षभर मोठी आहेत, तू त्यांच्याशी खेळतोयस हेच अवघड आहे, आणि मोठा झालास की या अंतराचा फरक कमी होत जाईल. झालं. रोज नको.

किती दिवस थांबायचं? मी सोळापर्यंत म्हणेन, अट एकच, त्याला सकाळी उठून कोर्टवर जावंसं वाटायला हवं. तोवर पैसा जपून वापरा. मुलगा स्वतः म्हणाला की नको, तर बारालाही थांबा. पण तुमच्या निराशेने नको, आणि २७ तारखेमुळे तर नकोच.

शेवटचं कामाचं. दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून उंची मोजा, पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. तीन महिन्यांत एक-दीड सेंटिमीटरऐवजी अचानक अडीच सेंटिमीटर दिसली की समजा झपाटा सुरू झाला. त्या काळात हातपाय लांबतात आणि अंदाज चुकतो, चांगला बसलेला फोरहँडही वर्षभर बिघडू शकतो. घाबरून अकादमी बदलू नका. कोर्टवरचे तास थोडे कमी करा, सर्व्हिसच्या सरावाला लागणाऱ्या चेंडूंच्या बादल्या निम्म्या करा. टाच दुखते किंवा गुडघ्याच्या खाली हाड दुखतं म्हणाला तर ‘नाटकं करू नको’ म्हणायचं नाही. वाढीच्या वयात तिथलं हाड कोवळं असतं आणि स्नायू त्याला ओढत असतात. दोन आठवडे उड्या आणि धावणं बंद ठेवा, त्यानंतरही दुखलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते हो म्हणेपर्यंत कुठल्याही स्पर्धेची एंट्री भरू नका.